बायकोच्या हाडांचं पार्सल

मापटेकाकांचं आडनाव मापटे नव्हतं. पण उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला बिल्डिंगमधल्या लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय? नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदारांचे काटे आपोआप सरळ उभे राहायचे. निवृत्त झाल्यावरही भाजीवाली त्यांना पाहून जुडीत दोन काड्या जास्त घालायची आणि काका त्या दोन काड्या परत करायचे. जास्त दिलं तरी मापात चूक ती चूकच, असं त्यांचं म्हणणं.

अशा काट्यावर चालणाऱ्या माणसाच्या घरातून काकू गेल्या. गेल्या म्हणजे लेकीकडे गेल्या. वाचकांनी उगीच मन घट्ट करून घेऊ नये.

लेकीचं बाळंतपण होतं आणि तिचं शहर बसने अख्खा दिवस खाणारं होतं. बॅग भरता भरता काकूंनी सहज विचारलं होतं, "तुम्ही येता का?" काकांनीही तितकंच सहज उत्तर दिलं होतं, "मी येऊन काय करू? बाळाचं वजन?" विनोद बरा होता. पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी बॅगेची चेन ओढली आणि म्हणाल्या, "बरं."

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कुठल्याही माणसाला विचारा, बायकोच्या भांडणाची भीती नसते, भीती असते ती 'बरं'ची. भांडण संपतं. 'बरं' संपत नाही.

नात झाली. फोनवर तिचं वजन कळल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या काट्यावर केलं?" तो प्रश्न लेकीने मनावर घेतला नाही, पण त्यानंतर काकांना कुणी 'या बघायला' असंही म्हटलं नाही. आणि काकूंचा मुक्काम रबरासारखा ताणत गेला. आधी बाळ जरा बाळसं धरेपर्यंत, मग लेकीच्या अंगात ताकद येईपर्यंत, मग लेकीची रजा संपली म्हणून, मग पाळणाघरात जागा नाही म्हणून.

रोज फोन यायचा, चांगला चित्रासह यायचा. पण काकूंना फोन धरायची जी एक खास पद्धत होती तिच्यामुळे काकांना रोज दिसायचं ते लेकीच्या घरचं छत. पंख्याचं कुठलं पातं वाकलं आहे, छताच्या कोपऱ्यात ओल कुठवर आली आहे, हे काकांना जावयापेक्षा जास्त माहीत झालं होतं. मधूनच खालच्या कडेला काकूंचं अर्धं कपाळ उगवायचं आणि मावळायचं.

"तुमचं बरं चाललंय ना?" कपाळ विचारायचं.

"एकदम मजेत," काका पंख्याला सांगायचे.

मजा अशी होती की सकाळी पेपर वाचताना काका सवयीने मोठ्याने वाचायचे, "नवा पूल खचला म्हणे," आणि थांबायचे. आतून 'हं' यायचा तो येत नसे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हा 'हं' म्हणजे न ऐकता दिलेलं उत्तर आहे. त्यावर त्यांनी भांडणंही केली होती. आता तो न ऐकता दिलेला 'हं' मिळावा म्हणून त्यांनी अख्खा पेपर वाचून दाखवला असता, जाहिरातींसकट.

एके दिवशी फोन भलत्याच वेळी वाजला. लेक म्हणाली, "बाबा, घाबरू नका."

हे वाक्य ऐकून न घाबरलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. काका खुर्चीत बसले होते ते उठून उभे राहिले, आणि उभे होते म्हणून पुन्हा बसले.

"आई सतरंजीच्या कडेला अडखळली. हात टेकला, तर मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. ठीक आहे आता."

"अगं, सतरंजीला अडखळून मनगट मोडतं का कुणाचं?"

"तेच डॉक्टर म्हणाले. म्हणून त्यांनी हाडांची तपासणी केली. आईची हाडं विरळ झालीत बाबा. ठिसूळ. खाण्यापिण्यात कॅल्शियमच नाही म्हणाले, किती वर्षांचं. आईला विचारलं, दूध घेता का, तर म्हणते, घरात दूध असतं की."

"मी येतो," काका म्हणाले. ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की त्यांचं त्यांनाच जेमतेम ऐकू आलं. पण काकूंचे कान शाबूत होते. मागून त्यांचा आवाज आला, "त्यांना सांग, यायची काही गरज नाही. येऊन काय करणार?"

काकांनी फोन ठेवला. आपलंच वाक्य इतक्या महिन्यांनी व्याजासकट परत आलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात लेकीचा पुन्हा फोन. या वेळी ती रागावलेली होती. "बाबा, आई कॅल्शियमच्या गोळ्या घेत नाही. घेते म्हणते आणि कुंडीत टाकते. मी माती उकरली तर सात-आठ निघाल्या. झाड मात्र कसलं जोमात आलंय! तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

काकांवर हा आरोप आजवर कुणी केला नव्हता. त्यांना एकदम बरं वाटलं. त्यांनी शर्ट बदलून फोन लावला.

"गोळ्या का घेत नाहीस?"

"अहो, ती गोळी आहे का? साबणाची वडी आहे. घशात आडवी बसते."

"पाण्याबरोबर गिळायची."

"तुम्ही गिळून दाखवा," काकू म्हणाल्या. आता हाताला प्लास्टर असल्यामुळे फोन पावडरच्या डब्यासमोर उभा केलेला असायचा, आणि काकांना दिसायचा फक्त डबा.

काका कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, त्याच गोळ्या घेतल्या, घरी येऊन एक तोंडात टाकली. पुढचा अर्धा तास त्यांनी छातीवर हात ठेवून काढला. दोन तांबे पाणी, केळं, पावाचा तुकडा, सगळं वरून पाठवलं तेव्हा कुठे ती गोळी नाइलाजाने खाली उतरली. काकूंचं म्हणणं खरं होतं. निरीक्षक म्हणून त्यांनी तशी नोंदच घेतली, पण फोन करून तसं सांगितलं मात्र नाही. इतकाही मोठेपणा एकदम अंगी येत नाही.

संध्याकाळी ते दूध तापवत उभे होते. काकू असताना जेवढं दूध घरात यायचं, तेवढंच अजून येत होतं. घरातलं एक माणूस कमी झालं, म्हणजे दूध उरायला हवं होतं. पण ते तर रोज संपत होतं! सकाळचा चहा, अकराचा चहा, झोपताना पेलाभर, दही लावायला थोडं. काकांनी हातात चमचा धरून पुन्हा हिशोब केला. मग मनात पुन्हा केला. सगळं दूध त्यांच्या एकट्याच्या नावावर जात होतं. जगात पाण्याचं दूध करणाऱ्या कितीतरी गवळ्यांना ज्यांनी पकडलं, त्यांना आपल्या ओट्यावर एक वाटा पहिल्यापासूनच नाही हे कळलं नव्हतं.

तोवर दूध उतू गेलं. शेगडी पुसायला त्यांना खूप वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, काकूंना गिळवेल असं कॅल्शियम आपण करायचं.

ठरवलं ते मनात, पण जिन्यात चुकून बोलून गेले. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर राहत. त्यांना बँकेतलं काय येत होतं ते बँकेला ठाऊक, पण औषधातलं सगळं येत होतं. "गोळ्या? छे! अंड्याची टरफलं!" मॅनेजर म्हणाले. "निव्वळ कॅल्शियम. उकळायची, वाळवायची, मिक्सरमधून काढायची. माझ्या मेव्हण्याचा गुडघा..." मेव्हण्याच्या गुडघ्याची गोष्ट तीन पायऱ्या चढेपर्यंत चालली आणि शेवटी त्या गुडघ्याचं काय झालं ते कळलंच नाही.

समोरच्या वहिनींचं मत वेगळं होतं. "तीळ द्या. पालेभाजी द्या. आणि ऊन द्या ऊन. उन्हाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही म्हणतात."

"ऊन कसं पाठवू?" काका म्हणाले.

"ते बाकी खरं," वहिनी म्हणाल्या, आणि दार लावता लावता त्यांनी काकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

काकांनी टरफलांपासून सुरुवात केली. स्वतः तेवढी अंडी खाणं शक्य नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या ऑम्लेटवाल्याला टरफलं मागितली. त्याने एक पिशवी भरून दिली आणि 'बागेसाठी का?' असं विचारलं. 'बायकोसाठी,' असं काका म्हणाल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. टरफलं उकळताना जो वास सुटला तो आधी वरच्या मजल्यावर गेला, मग खालच्या. बाल्कनीत वाळत घातली तर कावळ्यांनी सभा भरवली. उरलीसुरली मिक्सरमध्ये घातली तेव्हा मिक्सरने दोनदा किंचाळून मान टाकली, झाकण उडालं, आणि काका पांढरेशुभ्र होऊन ओट्याशी उभे राहिले. बिल्डिंगच्या सेक्रेटरीने दार वाजवलं तेव्हा त्याला वाटलं, रंगकाम चालू आहे. त्याने परवानगी घेतली होती का विचारलं.

शिवाय जी काही भुकटी निघाली ती केमिस्टला दाखवल्यावर केमिस्ट म्हणाला, "काका, टोचेल हे घशात. आणि यात किती काय आहे ते कोण सांगणार? डॉक्टरांनी दिल्यात त्याच गोळ्या कुटून द्या ना. सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, पण या कुटल्या तरी चालतात. जेवणानंतर द्यायची, दोन वेळा मिळून दोन. एकदम दोन घ्यायच्या नाहीत, अंगी लागत नाही."

हे काकांना पटलं, कारण यात माप होतं.

निवृत्तीच्या वेळी खात्याने त्यांना एक छोटा पितळी तराजू भेट दिला होता. तो त्यांनी कपाटातून काढला, पुसला, टेबलावर पाय समतल करून मांडला. खलबत्त्यात गोळी कुटायची, बारीक चाळणीतून गाळायची, तराजूत तोलायची, कागदाच्या चौकोनी तुकड्यावर ओतायची आणि पुडी बांधायची. एका गोळीची एक पुडी. पहिल्या दिवशी दहा झाल्या. हात बसल्यावर काम झरझर होऊ लागलं. काका पुड्या बांधता बांधता बोलायचे. "ही दुपारची," ते तराजूला सांगायचे. "ही रात्रीची. आता हिला म्हणावं, घशात आडवी बसली तर सांग." घरात काकू गेल्यापासून इतकं बोलणं पहिल्यांदाच होत होतं. पेपर वाचायचाही त्यांना विसर पडला.

शास्त्रशुद्ध माणूस असल्यामुळे त्यांनी पुड्या आधी स्वतःवर तपासल्या. सकाळी एक, दुपारी एक, शंका नको म्हणून संध्याकाळी आणखी एक. चौथ्या दिवशी त्यांच्या पोटाने त्यांच्याशी सर्व संबंध तोडले. त्या काळातला तपशील त्यांनी कुणाला सांगितला नाही, म्हणून आपणही सांगू नये. मॅनेजर मात्र जिन्यात भेटून म्हणाले, "चेहरा ओढलेला दिसतोय. विरह का?"

"कॅल्शियम," काका म्हणाले.

अखेर पुड्या एका खोक्यात रचून, खोक्याला कापड शिवून, काका पार्सल ऑफिसात गेले. रांग बरीच होती. खिडकीपलीकडे डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा असलेल्या बाई बसल्या होत्या.

"आत काय?"

काका सकाळपासून याच प्रश्नाची तयारी करत होते. पण प्रत्यक्ष प्रश्न आल्यावर वाक्य जिभेवर उलटंसुलटं झालं. "बायकोची हाडं..." ते म्हणाले.

रांग दोन पावलं मागे सरकली.

"...साठी! बायकोच्या हाडांसाठी! औषध!"

"कसलं औषध?"

"पांढरी पावडर. पुड्यांमध्ये. घरीच केली आहे."

आता रांग पुढे सरकली. हे तिला बघायचं होतं. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, डोळ्यांवरचा कपाळावर ठेवला, आणि साहेबांना हाक मारली. साहेबांनी शिवण उसवायला लावली. आत एकसारख्या, एका मापाच्या, कडक घडीच्या पांढऱ्या पुड्या शिस्तीत बसलेल्या पाहून साहेब खुर्चीत ताठ झाले. "काम फार सफाईदार आहे," ते म्हणाले. काकांना ते कौतुक वाटलं. ते 'थँक्यू' म्हणाले. त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं.

"मी वजनमापे खात्यात होतो हो," काका म्हणाले. "निरीक्षक."

"म्हणजे माल तोलायची सवय आहे तर."

काकांची कानशिलं तापली. ज्या माणसाच्या शिक्क्याशिवाय या गावात कुणी पावशेर साखर विकली नाही, त्याला आता आपण साखर नाही, कॅल्शियम विकतो, नव्हे पाठवतो, हे सिद्ध करायचं होतं. त्यांनी एक पुडी उचलली, सोडली, सगळ्यांसमोर तोंडात रिकामी केली. रांगेतल्या एका बाईने 'अगंबाई' म्हटलं. काकांना ठसका लागला. त्यांच्या मिशीवर पांढरा थर बसला. तशाच अवतारात ते म्हणाले, "बघा. काही झालं का मला?"

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. मग ते म्हणाले, "आता तुम्ही अर्जावर लिहिलेल्या संख्येत एक पुडी कमी आहे. नवा अर्ज भरा. आणि पावडर म्हणजे औषधच आहे, असा दाखला आणा."

काका दाखल्यासाठी केमिस्टकडे गेले. केमिस्ट म्हणाला, "गोळीचा दाखला देतो. गोळी मी विकली. पावडर तुम्ही केलीत." नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रोगी समोर पाहिजे." रोगी समोर असता तर पार्सल कशाला पाठवलं असतं, हे काकांनी त्यांना समजावलं. ते त्यांना समजलंही. पण दाखला काही दिला नाही.

संध्याकाळ व्हायच्या बेताला काका पुन्हा पार्सल ऑफिसात आले ते रिकाम्या हाताने. रांग संपली होती. साहेब गेले होते. बाई खिडकी बंद करायच्या तयारीत होत्या. त्यांनी उसवलेलं खोकं काकांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोरीने नीट बांधून ठेवलं होतं.

"काका, एक विचारू? राग मानू नका. तिकडेच कुणाला तरी गोळी कुटून द्यायला सांगितलं तर नाही का चालणार? वाटीत घालून, चमच्याने?"

काका खोक्याकडे बघत राहिले. हा विचार त्यांना सुचला नव्हता असं नाही. पहिल्या दिवशी, पहिली गोळी कुटतानाच तो आला होता. त्यांनी त्याला आत घेतलं नव्हतं, एवढंच.

"माप चुकतं लोकांचं," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. दोन्ही चष्मे काढून त्यांनी डोळे चोळले. चष्म्याशिवाय त्या बऱ्याच दमलेल्या दिसत होत्या. "मग तुम्हीच का जात नाही घेऊन? तुम्हाला काही कुणी दाखला मागणार नाही."

काकांनी बऱ्याच कारणांची जुळवाजुळव केली. घराला कुलूप, कुंडीला पाणी, जावयाच्या घरी न बोलावता जाणं. त्यातलं एकही त्यांना त्या खिडकीतून आत सरकवता येईना. ते 'बरं' म्हणाले आणि खोकं उचललं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये ते मांडीवर खोकं घेऊन बसले होते. शेजारच्या माणसाने 'वर ठेवू का?' असं विचारलं, तर 'हादरतं' म्हणाले. बस दिवसभर चालली. मध्ये दोनदा त्यांना वाटलं उतरावं. जाऊन म्हणायचं काय? मग ते खोक्यावर हात ठेवायचे. म्हणायला काहीतरी होतं.

दार काकूंनीच उघडलं. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताच्या कोपरात नात. इतके महिने अर्धं कपाळ पाहिलेल्या माणसाला एकदम अख्खा चेहरा दिसला. कुठे पाहावं ते काकांना कळेना.

"अहो! तुम्ही?"

"कॅल्शियम आणलंय," काका म्हणाले.

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाळलात," त्या म्हणाल्या. आणि मग आत वळून, बऱ्याच मोठ्याने, "अगं, तुझे बाबा आलेत! कॅल्शियम घेऊन!"

जेवण झाल्यावर लेकीने पुडी उघडली, पाहिली, आणि म्हणाली, "बाबा, हे इथेसुद्धा कुटता आलं असतं." जावई समंजस होता. तो म्हणाला, "पण पुड्या किती एकसारख्या आहेत!" काकूंनी कुणाकडेही न पाहता पुडी दह्यात मिसळली आणि दोन घासांत संपवली.

"बसली का आडवी?" काकांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "जरा खडूसारखं लागतं. पण जातं."

दोन-तीन दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. काकाही निघाले, खोकं घेऊन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पुडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हसू आवरत म्हणाल्या, "काका, मेहनत खूप घेतलीत. पण गिळायला त्रास होत असेल तर चघळायच्या गोळ्या मिळतात. पातळ औषधही मिळतं. खालच्याच दुकानात." मग त्या काकूंकडे वळल्या. "आणि मावशी, गोळी नुसती उणीव भरायला असते. दूध, दही, तीळ, पालेभाजी हे रोज पोटात गेलंच पाहिजे. थोडं चालायचं, उन्हात बसायचं. झिजलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही. आहे ते जपायचं. ते जपता येतं."

काका खोक्याच्या दोरीशी चाळा करत होते.

"पण तुम्ही इतक्या लांबून यासाठी आलात?" डॉक्टरीणबाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. मनात मिक्सर, साहेब, ठसका, पोट, सगळं एका रांगेत उभं राहिलं. या सगळ्यानंतर खालच्याच दुकानात! त्यांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली.

"मला पुड्याच चालतील," काकू म्हणाल्या. "त्या पातळ औषधाला वास येतो."

"मावशी, तुम्ही अजून त्याचा वास तरी कुठे घेतलाय?"

"येत असणार," काकू म्हणाल्या, आणि विषय मिटला.

मग रोज सकाळी दोघं बाल्कनीत उन्हात बसू लागले. डॉक्टरांचाच हुकूम. नात काकांच्या मांडीवर असायची. तिचं वजन बरोबर किती ते काकांना मांडीवर घेताच कळलं होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

एकदा काकांनी पुढे रस्त्याकडे बघत विचारलं, "तू कधी दूध का नाही घेतलंस गं?"

"घेत होते की."

"कधी?"

"भांडं विसळताना. तळाला राहायचं ना थोडं. त्यात पाणी घालून हलवायचं आणि प्यायचं. वाया कशाला घालवायचं?"

नातीने काकांचं बोट धरलं होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही.

"आता हिशोब काढू नका," काकू म्हणाल्या. "निवृत्त झालात ना?" थोड्या वेळाने त्याच पुन्हा म्हणाल्या, "मला घर आठवतं हो फार."

"घर म्हणजे?"

"घर म्हणजे घर. भिंती, ओटा..."

"भिंती ठीक आहेत," काका म्हणाले. "ओटा घासून काढलाय. मिक्सर तेवढा गेला."

"मिक्सर कसा गेला?"

मग काकांनी सगळं सांगितलं. टरफलं, कावळे, सेक्रेटरी. रांग कशी मागे सरकली आणि पांढऱ्या मिशीने ते साहेबांसमोर कसे उभे राहिले. काकू हसता हसता प्लास्टरचा हात धरून 'दुखतंय हो, पुरे' म्हणू लागल्या. काका थांबले की त्याच म्हणायच्या, "मग? पुढे?" पोटाचा भागही त्यांनी काढून घेतला, जो काकांनी कुणालाच सांगितला नव्हता.

पण काकूंना परत यायला अजून अवकाश होता. पाळणाघरात जागा व्हायची होती, प्लास्टर निघायचं होतं, हाताला व्यायाम द्यायचा होता. आणि लेकीचं घर दोन खोल्यांचं. जावई बिचारा रोज बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपून सकाळी पाठ धरून उठत होता, तरी 'राहा ना बाबा' म्हणत होता. त्याने आणखी चार वेळा म्हटलं असतं तर त्याचीच हाडं तपासावी लागली असती. म्हणून काकांनी परतीचं तिकीट काढलं.

बसथांब्यावर काकू सोडायला आल्या. उन्हात चालणं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. दोघं बाकावर बसले. काकांनी सूचना दिल्या. दुपारची पुडी दुपारी, रात्रीची रात्री. जेवण झाल्यावर. दह्यात नाहीतर पाण्यात. दूध स्वतःचं आधी ओतून घ्यायचं, मग बाकीच्यांचं. काकू प्रत्येक सूचनेला 'हं' म्हणत होत्या, कुठेतरी भलतीकडेच बघत. काकांनी त्याच सूचना पुन्हा एकदा सांगितल्या.

"दोन महिने सहज पुरतील पुड्या," ते शेवटी म्हणाले.

"बघू," काकू म्हणाल्या. "संपल्या की फोन करते."

बस आली. काका खिडकीशी बसले. काकूंनी चांगला हात वर केला. बस वळेपर्यंत तो वरच होता.

बस शहराबाहेर पडायच्या आधीच, एका पुलाच्या अलीकडे गर्दीत अडकली. काकांचा फोन वाजला. काकांनी घाईघाईत तो कानाला लावला, मग चित्र आहे असं लक्षात येऊन समोर धरला. पडद्यावर बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर होतं. खालच्या कडेला अर्धं कपाळ.

"अहो," कपाळ म्हणालं. "पुड्या संपल्या."

"अगं, आत्ता तर... सकाळी मी स्वतः..."

"संपल्या म्हणते ना."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. कपाळ हललं नाही, मावळलंही नाही. मागे बसथांब्यावरचा गलका ऐकू येत होता. म्हणजे काकू अजून त्या बाकावरच होत्या.

"बरं," काका म्हणाले.

फोन तसाच हातात धरून ते बसले होते. तेवढ्यात कंडक्टर तिकिटं तपासत त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "काका, कुठे उतरायचंय?"

काकांनी तिकीट त्याच्यापुढे केलं खरं. पण ते उठून उभे राहिले होते.